घरी पंचवीस जणांची मिसळ पार्टी: गुरुवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंतचं वेळापत्रक

घरी पाहुणे बोलावले की बहुतेक घरांत एकच गोष्ट बिघडते. बोलावणारी व्यक्ती पूर्ण वेळ ओट्यापाशी असते. माझ्या पहिल्या पार्टीत मी दोन तास उभी राहून गरम गरम वडे तळत होते. निघताना मावशीने दारात माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, वडे छान झाले होते, पण तू भेटलीसच कुठे?" त्या दिवसापासून मी एक नियम पाळते. पहिली बेल वाजल्यावर ओट्यावर फक्त गरम करणं आणि वाढणं एवढंच काम उरलं पाहिजे. खालचं सगळं वेळापत्रक त्या नियमावर उभं आहे.

मिसळ मुद्दाम निवडली आहे, कारण तिची जवळजवळ सगळी कामं आदल्या दिवशी उरकतात आणि मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. हिशोब पंचवीस माणसांचा आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटचा आहे. वेळ रविवार सकाळची.

१. तारीख आणि निमंत्रण (दहा दिवस आधी)

आधी कॅलेंडर उघडा. त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी असेल तर निम्म्या मोठ्या माणसांचा उपास असतो आणि मिसळीचा बेत तिथेच फसतो. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी माणसंही असतात. गणपतीतले दिवस, पालख्या शहरात मुक्कामाला असतात ते दिवस आणि मॅरेथॉनचा रविवारही टाळा. रस्ते बंद असले की हडपसरचा माणूस कोथरूडला अकरापर्यंत पोचत नाही.

निमंत्रणात वेळ दोन्ही बाजूंनी लिहा: "सकाळी १० ते दुपारी १, मिसळ पावणेअकराला वाढू." नुसतं "सकाळी या" लिहिलंत तर कोणी साडेनऊला येतं, कोणी साडेबाराला. शेवटची वेळ लिहायला पुष्कळांना संकोच वाटतो, पण ती पाहुण्यांच्याही सोयीची असते. त्यांना पुढचा दिवस आखता येतो आणि ज्येष्ठांची दुपारची झोप बुडत नाही.

"कोण कोण येणार?" असं ग्रुपवर विचारून अंगठे मोजू नका. प्रत्येक घराला वेगळा फोन करा आणि चार गोष्टी विचारा: मोठी माणसं किती, मुलं किती, तिखट कोणाला चालत नाही, आणि न चालणारं काय काय आहे. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण-बटाट्याबरोबर मोड आलेलं कडधान्य चालतं का, हेही विचारा. काही घरांत चालत नाही, आणि हे ऐनवेळी कळलं तर त्यांच्यासमोर ठेवायला काहीच नसतं.

तपासा: बुधवारी रात्री आकडा पक्का झाला पाहिजे. त्यानंतर दोन-तीन माणसं वाढली तर पाव आणि फरसाण वाढवायचं. मटकी वाढवत बसायचं नाही.

२. सामानाची यादी आणि भांडी (बुधवार)

पंचवीस जणांसाठी मला पुरणारं माप असं:

- मटकी १ किलो (मोड आल्यावर दोन किलोच्या वर जाते)
- बटाटे १ किलो, जाडे पोहे अर्धा किलो
- मिसळीचं फरसाण पावणेदोन किलो
- पाव ९० नग
- कांदे अडीच किलो: एक वाटणाला, दीड वरून घालायला
- सुकं खोबरं ३०० ग्रॅम, सोललेला लसूण १०० ग्रॅम, आलं ६० ग्रॅम, टोमॅटो अर्धा किलो
- कोथिंबिरीच्या २ मोठ्या जुड्या, लिंबं १५
- दही २ किलो (त्यात ३ लिटर पाणी घालून मठ्ठा; वाटीत वाढायचं दही वेगळं)
- जिलबी दीड किलो
- चहासाठी दूध दीड लिटर
- पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार, आणि घरचा माठ

पाव मोजताना नग सांगा, लाद्या नव्हे. कुठे लादी सहाची असते, कुठे आठाची. "बारा लाद्या द्या" सांगून मी एकदा चोवीस पाव कमी आणले होते. मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड खाणारी जुनी पुणेकर मंडळी येणार असतील तर दोन मोठे ब्रेडही घ्या. त्यांना ते फार आवडतं.

भांड्यांचा विचार सामानाच्याही आधी करायला हवा. मिसळीला खोलगट ताटली लागते. कागदी पत्रावळीतून तर्री झिरपते आणि डाग थेट सतरंजीवर पडतो. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. मंडप-केटरिंगचं सामान भाड्याने देणाऱ्याकडून ३० खोल डिश, ५० वाट्या, ४० चमचे, ४० पेले आणि दोन ओगराळी आणा. वाट्या दुप्पट का, ते पुढे येईल. स्वतःची भांडी घ्यायची असतील तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर मारा.

सावधान: भाड्याची भांडी घेताना दुकानातच मोजा आणि मोबाईलवर फोटो काढा. परत देताना दोन चमचे कमी भरले की वाद होतो, आणि तो वाद तेव्हा मिटवता येत नाही.

३. मटकी (गुरुवार रात्र ते शनिवार सकाळ)

पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. मटकी धुवायला आणि भिजवायला लागणारं पाणी बुधवारीच भरून ठेवा. सोसायटीत टँकर येत असला तरी ठेवा.

गुरुवारी रात्री मटकी निवडा. गणंग म्हणजे न भिजणारे टणक दाणे आणि खडे यात असतातच, आणि एक खडा ज्येष्ठ पाहुण्याच्या दाताखाली आला तर पुढचं सगळं व्यर्थ. तीन पाण्यांनी धुवा. मटकीच्या तिप्पट पाणी घालून आठ तास भिजवा. बारा-चौदा तास भिजवली तर दाणा फुगून फुटतो आणि मोड नीट येत नाहीत.

शुक्रवारी सकाळी पाणी पूर्ण निथळा. चाळणीत अर्धा तास ठेवा, मग ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. एक किलो मटकीचं एकच गाठोडं केलं तर मधली मटकी गरम होते आणि तिला वास येतो. दोन किंवा तीन गाठोडी करा आणि झाकण किंचित उघडं ठेवून डब्यांत ठेवा.

उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. ते दाण्याएवढे लांब झाले की शुक्रवारी रात्रीच फ्रीजमध्ये हलवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र पूर्ण चोवीस तास, कधी त्याहून जास्त लागतात. तेव्हा गाठोडी बंद ओव्हनमध्ये किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा.

तपासा: शनिवारी सकाळी गाठोडं उघडून आधी वास घ्या. ताज्या मटकीला हिरवट, गोडसर वास असतो. आंबूस वास आला किंवा बोटाला तार लागली तर ती मटकी टाकून द्या, धुऊन वापरू नका. शनिवार हाताशी असल्यामुळे बाजारातून मोड आलेली मटकी आणता येते. वेळापत्रक इतकं आधी सुरू करण्याचं हेही एक कारण आहे.

४. वाटण, रस्सा आणि तर्री (शनिवार दुपार)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

*मटकी शिजवणं.* कुकर काढू नका. मोड आलेली मटकी कुकरमध्ये एका शिट्टीत लगदा होते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, हळद-मीठ घाला, मटकी घाला आणि दहा-बारा मिनिटं उघडीच शिजवा. दाणा दोन बोटांत दाबला की दबावा, पण फुटू नये. पाणी गाळून वेगळं ठेवा. रस्स्याची अर्धी चव त्या पाण्यात आहे, ते ओतून देऊ नका. मटकीला तेल, मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची साधी फोडणी द्या. तिखट घालू नका.

*वाटण.* कांदे उभे चिरून थोड्या तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत परता. एक किलो कांद्याला मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं लागतात. गुलाबी झाल्यावर थांबलात तर रस्सा गोड आणि फिका होतो. खोबरं वेगळं भाजा, कारण ते कांद्याच्या आधी करपतं. आलं, लसूण, चार मोठे चमचे धणे, दोन चमचे तीळ आणि थोडा खडा मसाला परतून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावर दोन-तीन खेपांत अगदी बारीक वाटा. वाटण भरड राहिलं की रस्सा चोथा-पाणी होतो.

*रस्सा.* पाव लिटर तेल तापवा, फोडणी करा, वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता. मग टोमॅटोची प्युरी, चार चमचे लाल तिखट, तीन चमचे गोडा मसाला. कांदा-लसूण मसाला आवडत असेल तर तोही, पण मग तिखट कमी करा. आता मटकीचं पाणी आणि साधं पाणी मिळून सात लिटर घाला. हे पाणी उकळतं असलं पाहिजे. गार पाणी पडलं की परतलेला मसाला दचकतो आणि तेल वर यायला फार वेळ लागतो. मीठ, दोन आमसुलं, लिंबाएवढा गूळ. एक उकळी आली की आच मंद करून अर्धा तास ठेवा, आणि सारखं ढवळू नका.

हा रस्सा मुद्दाम मध्यम तिखट ठेवायचा. झणझणीतपणा तर्रीत वेगळा द्यायचा. त्यामुळे एकाच पातेल्यातून आजोबाही जेवतात आणि कोल्हापूरचे जावईबापूही.

*तर्री.* कढल्यात २०० मिली तेल कडकडीत तापवा आणि गॅस बंद करा. लगेच तिखट घालू नका. एक मिनिट थांबा. मग चिमूटभर तिखट टाकून पाहा. ते लाल फेस धरून हळूहळू पसरलं तर तेल बरोबर आहे. काळं पडून तळाला गेलं तर अजून थांबा. मग काश्मिरी किंवा बेडगी मिरचीचं तिखट चार मोठे चमचे, आणि लगेच रस्स्यातलं दोन-तीन चमचे पाणी कडेने सोडा. तिखटाचं करपणं थांबतं. तेल उडतं, म्हणून कढलं हातभर लांब धरा. जळक्या तर्रीचा कडवटपणा गुळाने किंवा लिंबाने जात नाही. ती टाकून पुन्हा करायला दहा मिनिटंच लागतात.

*कांदा-लसणाशिवायचा रस्सा* हवा असेल तर खोबरं, धणे, तीळ, टोमॅटो घेऊन अर्धा-एक लिटर वेगळ्या पातेल्यात सगळ्यात आधी करा. डाव आणि झाकणही वेगळं ठेवा.

बटाट्याची पिवळी भाजी शनिवारी रात्री. मुलांना आणि तिखट न खाणाऱ्यांना तिचा मोठा आधार असतो.

सावधान: सात लिटर रस्सा एकाच पातेल्यात झाकून ओट्यावर रात्रभर ठेवू नका. आतून तो कित्येक तास कोमट राहतो आणि सकाळी फसफसलेला मिळतो. तीन-चार लहान पातेल्यांत काढा, पातेली पाण्याच्या परातीत ठेवून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. जागा होत नसेल तर शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये एक पातेलं ठेवायला आधीच विचारून ठेवा.

५. घर (शनिवार संध्याकाळ)

मधलं टीपॉय बेडरूममध्ये हलवा. सोफा भिंतीला टेकवा आणि समोर सतरंजी, तक्के टाकून बैठक करा. पंचवीस खुर्च्या भाड्याने आणून रांगेत मांडल्या की माणसं शेजारच्याशीच बोलतात. बैठकीवर गोल होतो, आणि गोलात सगळे एकमेकांना दिसतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पाठ असलेल्या सहा-सात खुर्च्या बैठकीला लागूनच ठेवा. त्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका.

जेवणाचं टेबल भिंतीपासून दोन हात पुढे ओढा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतं. ते स्वयंपाकघराच्या दारात कधीही नको. तिथे गर्दी झाली की आतून बाहेर काही आणता येत नाही.

मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आणि खालच्या मजल्याला सांगा, जमलं तर बोलवाच. वॉचमनकडे पाहुण्यांची नावं द्या, आणि दुचाक्या कुठे लावायच्या, चारचाकी बाहेर कुठे लावता येईल ते आजच ठरवून ग्रुपवर टाका. रविवारी सकाळी दहा वाजता तुमचा फोन पार्किंगसाठी वाजता कामा नये.

दाराबाहेर जुनी सतरंजी घाला. पन्नास चपला जिन्यात पसरल्या तर वयस्कर माणूस अडखळून पडू शकतो.

तपासा: बाथरूममध्ये स्वच्छ टॉवेल, साबण, पाणी. दुसरा सिलिंडर भरलेला आहे का? बेकरीला ९० पाव सांगितले का? जिलबी आणायला कोण जाणार, त्याला विचारलं का?

६. रविवार सकाळ, घड्याळ लावून

*७.१५:* दही घुसळून मठ्ठा करा. आलं, मिरची, जिरेपूड, कोथिंबीर, मीठ. फ्रीजमध्ये ठेवा.

*७.४५:* कांदा आणि कोथिंबीर चिरायला दोन माणसं बसवा. कांदा आदल्या रात्री चिरू नका, उग्र होतो आणि अख्खा फ्रीज वासतो.

*८.३०:* पाव आले. सुती कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो. तव्यावर लोण्यात भाजून देण्याचा मोह टाळा. नव्वद पाव भाजायचे म्हणजे एक माणूस तव्याशी दीड तास.

*९.००:* रस्सा गॅसवर. सात लिटर रस्सा एका पातेल्यात घरच्या शेगडीवर उकळायला फार वेळ लागतो, आणि तळाला लागतो तो वेगळाच. दोन पातेल्यांत, दोन शेगड्यांवर ठेवा. खळखळून उकळी आणा, मग मंद आचेवर. कोमट करून बंद करणं पुरेसं नाही.

*९.१५:* पोहे भिजवून फोडणीला टाका, झाकून ठेवा.

*९.३०:* ओटा पुसा आणि कपडे बदला. ही वेळ यादीत लिहून ठेवा, नाहीतर ती कधीच येत नाही.

*९.५०:* चहाचं आधण ठेवा, थर्मासमध्ये भरा, आणि बाहेर येऊन बसा.

७. पहिला अर्धा तास

दारात कुणीतरी ओळखीचं असलं पाहिजे, आणि ते तुम्ही असा. चहा हातात द्या. ओळख करून देताना नुसतं नाव आणि कंपनी सांगू नका, बोलणं सुरू होईल असा दुवा द्या: "ही माझी शाळेतली मैत्रीण, दर पावसाळ्यात राजगडला जाते. आणि हे आमचे शेजारी, त्यांनाही गडांचं वेड." एवढं सांगून तुम्ही पुढच्या पाहुण्याकडे वळलात तरी चालतं. जो एकटा आला आहे, कुणाला ओळखत नाही, त्याच्याकडे आधी जा. त्याला एक खरं काम द्या, लिंबं कापायचं किंवा पेल्यांवर मार्करने नावं लिहायचं. हातात काम आलं की माणूस घरातला होतो.

गाणी लावायची तर बोलणं ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

८. वाढणं

पावणेअकराला वाढायला घ्या. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबू नका. मधुमेह असलेल्या माणसांनी वेळेवर खाणं गरजेचं असतं आणि ती मागत नाहीत.

टेबलावर क्रम असा: डिश, पोहे, बटाट्याची भाजी, मटकी, फरसाण, कांदा-कोथिंबीर, शेवटी रस्सा. पाव, लिंबू आणि दही दुसऱ्या टेबलावर ठेवा, म्हणजे रांग तुंबत नाही. उकळता रस्सा वाढायला घरचं एक मोठं माणूस ओगराळं घेऊन उभं राहू दे. एका हातात डिश धरून दुसऱ्या हाताने रस्सा घेताना सांडतो, आणि शेजारी लहान मूल असेल तर भाजतं.

रस्सा थेट डिशवर एक डावच. बाकीचा वाटीत, बरोबर घेऊन जायला. वाट्या दुप्पट सांगितल्या त्या याचसाठी: एक रस्स्याची, एक दह्याची. सगळा रस्सा वरून ओतला की बैठकीपर्यंत पोचेस्तोवर फरसाण मऊ पडतं. तर्रीचं भांडं लहान चमच्यासह वेगळं ठेवा, आणि "आधी अर्धा चमचा" असं प्रत्येकाला सांगा.

फरसाण एकदम सगळं उघडू नका, विशेषतः पावसाळ्यात. अर्धा किलो बाहेर, बाकी डबाबंद.

सगळ्यांच्या हातात डिश आली की तुम्हीही घ्या आणि बैठकीवर बसा. "मी नंतर खाते" म्हणू नका. तुम्ही उभ्या असलात की पाहुणे घाईने खातात.

दुसरा रस्सा वाढायला कुणीतरी उठतंच. उठू द्या त्यांना. साडेअकराला जिलबी येईल, तिच्याबरोबर मठ्ठा. जिलबी लवकर आणून झाकून ठेवली तर मऊ पडते, म्हणून आणणारा माणूस वाढणं सुरू झाल्यावर निघाला पाहिजे.

९. जेवणानंतर

इथे कार्यक्रम ठासून भरू नका. एकच गोष्ट ठरवा. आमच्याकडे गाण्याच्या भेंड्या असतात. मागच्या वेळी मी मावशीच्या शेजारी बसले होते, आणि "ल" आल्यावर तिने तिच्या आईची एक लावणी म्हटली. तिला गाता येतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे भेंड्या विसरून ऐकत राहिलो.

पाऊण वाजता चहाची दुसरी फेरी द्या. ती आली की ज्यांना निघायचं आहे त्यांना न सांगता कळतं. निरोप द्यायला दारापर्यंत जा, ज्येष्ठांना लिफ्टपर्यंत सोडा.

१०. आवराआवर

उष्टं आणि ओला कचरा एका बादलीत, कागद आणि पिशव्या वेगळ्या. सोमवारी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना तो हाताने वेगळा करावा लागू नये. त्या दिवशी कचरा नेहमीपेक्षा जास्त असेल, त्यांना आधी सांगा.

भाड्याच्या डिश लगेच पाण्यात बुडवा, तर्रीचं तेल वाळलं की निघत नाही. उरलेला रस्सा पुन्हा उकळून, गार करून फ्रीजमध्ये, आणि सोमवारी संपवायचा. टेबलावर दोन-तीन तास राहिलेली मटकी आणि दही ठेवू नका. तर्री मात्र स्वच्छ चमच्याने वाढली असेल तर काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर आमटीवर अर्धा-अर्धा चमचा घालता येते.